मुआयना फुकट, राय दोन रुपये

माझी भाची फोनवर बुद्धिबळ खेळते. परवा ती तणतणत माझ्याकडे आली. डाव हरली होती, पण राग हरल्याचा नव्हता. हरल्यावर त्या साइटने तिला सांगितलं होतं की तुझ्या दोन मोठ्या चुका झाल्या, आणि कुठल्या ते दाखवण्याआधी वर्षाची वर्गणी मागितली होती. खेळा हवं तेवढं, फुकट. कोडी दिवसाला तीन, फुकट. चूक कळायला मात्र पैसे. "ही लूट नाही का गं, आत्या?" ती म्हणाली. मी म्हटलं, लूट आहे की नाही ते नंतर बघू, पण हा धंदा फोनवाल्यांनी शोधलेला नाही. मी अकरावीत होते तेव्हा गंगाखेडच्या तहसिलीसमोर, कडुलिंबाखाली, तो जोरात चालू होता.

तिथे एक अर्जनवीस बसायचे. ज्याला लिहिता येत नाही, किंवा साहेबाला काय लिहावं ते कळत नाही, त्याचा अर्ज लिहून देणारा माणूस. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. निजामाच्या अमलात उर्दूत शिकलेले, नंतर मराठी अक्षर घोटून घोटून वळवलेले. एक डुगडुगतं टेबल, टेबलाला टांगलेली दरांची पत्र्याची पाटी आणि शेजारी खोक्यावर मांडलेला बुद्धिबळाचा पट. गिऱ्हाईक नसलं की ते कुणाशीही खेळत. खेळायला पैसे पडत नसत. डाव संपला की ते एक लांबट वही उघडून सगळा डाव उर्दूत, उजवीकडून डावीकडे, टाकाने लिहून काढत. पाटीवर अर्जांच्या दरांखाली त्यांनी खेळाचेही दर लिहिले होते: मुआयना फुकट, नक्कल आठ आणे, राय दोन रुपये.

मुआयना म्हणजे वही उघडून बघणं. नक्कल म्हणजे त्यातला डाव उतरवून घेणं. आणि राय म्हणजे आपण का हरलो ते मुन्शीजींच्या तोंडून ऐकणं. कचेरीचा जुना दस्तूर आहे, असं ते म्हणत. "हरायला पैसे लागत न्हाईत बेटा. का हरलो ते समजायला लागतात."

लोक देतही. एक मास्तर दर शनिवारी दोन रुपये टेबलावर ठेवून राय घ्यायचे आणि पुढच्या शनिवारी तसेच हरायचे. माझी तिथे बसायची वेळ वेगळ्याच कारणाने आली होती. कॉलेज सकाळचं, बाराला सुटायचं, आणि राणीसावरगावची एसटी साडेचारला. वडिलांना आम्ही घरात दादा म्हणायचो. दादांनी एकदा जमिनीच्या फेरफारचा अर्ज मुन्शीजींकडून लिहून घेतला होता, तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला बजावलं, "स्टँडवर रेंगाळू नको. मुन्शीजीच्या नजरेपुढं बसत जा." मी बसले. पुस्तक उघडून दोन दिवस बसले, तिसऱ्या दिवशी पटासमोर.

खेळ मला येत होता. म्हणजे येतो असं मला वाटत होतं. दादांनी शिकवलेला. आमच्या गावच्या खेळात प्यादं एक एकच घर चालायचं. राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळायची. आणि प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं की ज्या घरात पोचलं त्या घरचं मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. यावर कधी वाद झाला नाही, कारण दुसरं काही गावात कुणी ऐकलंच नव्हतं.

पहिल्याच डावात मी राजाला उडी मारवली. मुन्शीजींनी राजा उचलून जागेवर ठेवला. "हे इथं चालत न्हाई." मग त्यांनी प्यादं दोन घरं सरकवलं. मी ओरडले. ते म्हणाले, "हे चालतं." असं करत करत मी त्यांचा विलायती कायदा शिकले. चुकीची चाल ते परत करायचे. मूर्खपणाची चाल परत करायचे नाहीत, फक्त चष्म्याच्या वरून बघायचे. म्हणजे जे करायची मनाई आहे ते मला आपोआप कळत गेलं. जे करायची मुभा आहे, ते त्यांनी माझ्यासमोर करून दाखवलं तरच कळायचं. हा फरक माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं, आणि तो लक्षात आला तेव्हा माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

तोवर मी हरत होते. रोज एक डाव, कधी दोन. घरी दादा विचारायचे, "आज?" मी म्हणायचे, "हरले." एकदा भाकरी मोडता मोडता ते हसले आणि म्हणाले, "ज्या दिवशी मुन्शीजीला हरीवशील ना, त्या दिवशी तुला बारावीच्या पुढं शिकायला पाठीवतो. जा." आमच्या भावकीत तोवर एकही मुलगी बारावीच्या पुढे गेली नव्हती, आणि मुन्शीजींना हरवलेलं तालुक्यात कुणी पाहिलं नव्हतं. दादांनी चेष्टा केली होती. मी ती चेष्टा म्हणून घेतली नाही.

"दोन रुपये देऊ का? इचारून घे एकदा," असं दादाच म्हणायचे. पैशाचा प्रश्न नव्हता. मला ते विकत नको होतं. मास्तरांसारखं वहीत नाव लागावं, राय घेणाऱ्यांत, हे मला सहन होणारं नव्हतं. सतराव्या वर्षी माणसाला नाक असतं आणि डोकं त्याच्या मागे मागे चालतं. मी ठरवलं, माझं मी शोधीन. वही उघडून बघायची, तर उर्दूचं एक अक्षर कळत नव्हतं. मुआयना फुकट होता, पण आंधळ्याला आरसा दाखवावा तसा.

अकरावीच्या उन्हाळ्याआधी एक डाव मात्र रंगला होता. माझं एक प्यादं कडेकडेने पळत शेवटच्या रांगेत पोचलं, घोड्याच्या घरात. मी हर्षाने घोडा घेतला. मुन्शीजींनी माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. पुढे त्यांनी मला दमवून दमवून मात दिली. त्या दिवशी वहीत त्यांनी एक ओळ जास्त लिहिली, एवढं माझ्या ध्यानात राहिलं.

बारावीच्या माघात माझ्यासाठी स्थळ आलं. आमच्याच एसटीच्या रस्त्यावर, मधल्या फाट्यापासून आत दोन कोसांवरचं गाव. बागायती जमीन, मुलगा शिकलेला, माणसं बरी. दादांनी होकार कळवला. परीक्षा झाली की सुपारी फोडायची ठरली. मी चुलीपुढे बसलेल्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात दादांना विचारलं, "आन् तुमचा शब्द?"

"कसला शब्द?"

"मुन्शीजीचा."

दादा हसले नाहीत. म्हणाले, "म्हणलो होतो खरं. बरं, हरीव. पर परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की संपलं. मंग माझ्यावर बोल लावायचा न्हाई."

म्हणजे दोन महिने. त्यातलेही दिवस कुठे हातात होते! नामांतराचा काळ होता. विद्यापीठाच्या नावावरून आज मोर्चा, उद्या बंद. एसटीच्या काचा फुटल्या की आठ आठ दिवस गाडी आमच्या बाजूला फिरकायची नाही. नाव द्यावं असं मला वाटत होतं, पण आमच्या आळीत ते मोठ्याने बोलायची सोय नव्हती. ज्या विद्यापीठावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, तिथे जाऊन शिकायचं एवढंच मला कळत होतं. गाडी बंद असली की मी घरी एकटीच दोन्ही बाजूंनी खेळायचे आणि दोन्ही बाजूंनी चिडायचे.

अशाच एका बंदनंतर गाडी सुरू झाली, तेव्हा काळजीने दादा माझ्याबरोबर गंगाखेडला आले. दुपारी कडुलिंबाखाली मी आणि मुन्शीजी खेळत होतो. दादा बाकड्यावर बसून कंटाळले आणि त्यांनी ती वही ओढून मांडीवर घेतली. पानं उलटत होते. मला वाटलं, चित्रं शोधतायत. मग माझ्या कानावर आलं, "हत्ती... छत्तीस वरनं... चव्वेचाळीस." मी वळून पाहिलं. दादांचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं आणि ओठ हलत होते.

बँकेत, सोसायटीत, माझ्या शाळेच्या दाखल्यावर, दादा अंगठा लावायचे. माझ्या समजुतीने माझा बाप अडाणी होता. मी त्यांना मनीऑर्डरचा फॉर्म भरून देताना किती वेळा वरच्या पट्टीत बोलले होते!

"दादा, तुमाला वाचता येतं?"

ते ओशाळले. "चार वर्सं शाळेत गेलतो की. निजामाची शाळा, समदं उर्दूत. मंग राज्य बदललं, समदा कारभार मराठीत आला. मोठ्या माणसाला कोण शिकीवतंय? अंगठा सोपा पडतो."

मला रडू आलं असतं, पण मुन्शीजींनी तेवढ्यात शह दिला. डाव मी हरलेच. आणि हरता हरता मला माझी वाट दिसली. मुआयना फुकट होता, आणि आता वाचणारा माणूस माझ्या घरचा होता.

पुढचे दोन आठवडे दादा शेतातली कामं अर्धी टाकून माझ्याबरोबर येत राहिले. ते बाकड्यावर बसून माझे जुने डाव हळू आवाजात वाचायचे. मुन्शीजींनी पटाच्या घरांना एक ते चौसष्ट आकडे दिले होते, त्यामुळे ऐकून समजायला कठीण नव्हतं. मी माझी वही काढली तसं मुन्शीजी टेबलावरून म्हणाले, "उतरवून घेतलं की नक्कल झाली. आठ आणे." मग मी सहा चाली पाठ करायची, उठून आवाराच्या फाटकाबाहेर जायची, तिथे भिंतीला वही टेकवून लिहायची आणि परत यायची. मुन्शीजी हे सगळं पाहत. एकदा ते दादांना म्हणाले, "आवाराबाहेर काय चालतं ते माझ्या अखत्यारीत न्हाई." आणि मिशीत हसले.

घरी आम्ही ते डाव मांडत बसायचो. दादा आणि मी, दोघं. आधी नुसता राग यायचा, मग हळूहळू दिसायला लागलं. वीसेक डावांत एकच गोष्ट होती. मुन्शीजी लवकर वजिरावर वजीर घालायचे, मी घाबरून मारामारी करायची, आणि वजीर गेले की त्यांचे हत्ती मला निवांत कुरतडायचे. हे कळायला मला दीड वर्ष आणि दादांच्या चार इयत्ता लागल्या.

मग तो डाव आला, जास्तीच्या ओळीचा. दादा कडुलिंबाखाली वाचत होते. "प्यादं शेवटच्या घरात. मुलीनं घोडा घेतला." पुढची ओळ त्यांनी एकदा मनात वाचली आणि मग मोठ्याने. "वजीर घेतला असता तर तीन चालीत मात होती. मुलीला कायदा ठाऊक नाही. खेळ चांगला, शिकवणाऱ्यानं अर्धाच शिकवला."

दादांनी वही मांडीवर पालथी घातली. शिकवणारे तेच होते.

मी उठून टेबलाशी गेले. "मुन्शीजी, घोड्याच्या घरात वजीर घेता येतो?"

"कुटल्याबी घरात. राजा सोडून काय पायजे ते घे."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी शांतपणे पाटीकडे बोट दाखवलं. "राय दोन रुपये."

"ही राय नाही!" मी इतक्या जोरात बोलले की तहसिलीच्या पायरीवरचे लोक वळले. "मी कुठली चाल खेळावी हे सांगणं म्हणजे राय. ती विका, दोन रुपयांना विका, दहाला विका. पण खेळता काय येतं हा कायदा आहे. कायदा लपवून ठेवून कुणाशी खेळायचं म्हणजे खेळ नाही, फसवणूक आहे. तुमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या माणसाला त्याचा हक्क काय आहे हेसुद्धा तुम्ही पैसे घेऊनच सांगता का?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. मुन्शीजींचा चेहरा उतरला. दादांनी माझा दंड धरला. "पोर हाय, मुन्शीजी. तोंडानं फटकळ हाय. पर तिचं बरोबर हाय. तो डाव तिचा धरा."

"नोंद बदलत न्हाई," मुन्शीजी म्हणाले.

"मला बदलून नकोच आहे," मी म्हटलं. "मी नव्याने जिंकीन."

दुसऱ्या दिवशी गेले तर पत्र्याच्या पाटीवर, सगळ्या दरांच्या वर, ओल्या रंगात दोन शब्द होते. 'कायदा फुकट'. मी बसल्यावर मुन्शीजींनी प्यादी लावायच्या आधी मला सगळा कायदा पहिल्यापासून सांगितला, कोर्टात वाचून दाखवावा तसा. त्यात दोन घरं उडी मारून शेजारी आलेलं प्यादं प्याद्याने तिरकं जाऊन मारायची आणखी एक चाल निघाली, जी मी आयुष्यात ऐकली नव्हती.

तरी त्या महिन्यात मी सात डाव हरले. कायदा कळला म्हणजे खेळ आला असं नसतं, हे कुणी विकत दिलं तरी मी घेतलं नसतं, पण कळलं. एक डाव बरोबरीत सुटला. त्या रात्री मी जेवले नाही, कारण बरोबरीबद्दल दादांनी शब्द दिला नव्हता.

शेवटचा पेपर भूगोलाचा. बाराला सुटला. दादा फाटकाशी उभेच होते, धुतलेली टोपी घालून. आम्ही तहसिलीपर्यंत चालत गेलो. मुन्शीजींनी पट मांडूनच ठेवला होता आणि एका अर्जवाल्याला "उद्या ये" म्हणून परत पाठवलं.

दहाव्या चालीच्या आसपास त्यांनी वजिरासमोर वजीर आणला. मारामारी करायची माझ्या हाताची सवय होती. हात पुढे गेलासुद्धा. मी तो मांडीखाली दाबून बसले आणि वजीर मागे घेतला. मुन्शीजींनी चष्म्यावरून पाहिलं. पुढे त्यांनी पुन्हा आणला, मी पुन्हा टाळला. वजीर शेवटी गेले, पण मला हवे तेव्हा, त्यांचा एकच हत्ती उरल्यावर. अडीच वाजले, तीन वाजले. कडुलिंबाची सावली पटावरून सरकली तशी आम्ही खोकं सरकवलं. माझा एक उंट फुकट गेला, तेव्हा दादा उठून पाणी प्यायला गेले, त्यांना बघवेना. पण उंटाच्या बदल्यात माझं एक प्यादं मोकळं झालं होतं. मुन्शीजींचा हत्ती त्याच्यामागे धावला. त्याला एक चाल उशीर झाला. प्यादं शेवटच्या रांगेत गेलं आणि मी बाजूला पडलेला वजीर उचलून तिथे ठेवला. मोहरं पटावर जोरात वाजलं.

मुन्शीजींनी लगेच हार मानली नाही. चार वाजेपर्यंत त्यांनी मला झुंजवलं, आणि बरं केलं. फुकट मिळालेला विजय मी घरी नेला नसता. शेवटी त्यांनी आपला राजा बोटाने आडवा केला, वही ओढली आणि टाक शाईत बुडवला. लिहून झाल्यावर वही दादांच्या पुढे फिरवली. दादांनी वाचलं, दोनदा वाचलं, मग मला सांगितलं, "मुलगी जिंकली, येवढंच हाय."

गाडीत दादा खिडकीशी बसले. मी शेजारी. शब्द चेष्टेत दिलेला होता, होकार खऱ्याने दिलेला होता. सोयरिकीचं दिलेलं वचन मोडलं तर भावकीत त्यांना काय ऐकावं लागेल ते मला ठाऊक होतं. जिंकूनही मागायला माझं तोंड उघडत नव्हतं. स्थळाच्या गावचा फाटा आला, तसे दादा उठले आणि त्यांनी कंडक्टरला घंटी मारायला सांगितली.

"दादा, आपलं गाव लांब हाय की अजून."

"ठावं हाय. तू जा घरला. आईला म्हण, मला उशीर हुईल, जेवून घ्या."

"इथं काय काम हाय?"

त्यांनी दांड्याला धरून टोपी नीट केली. "ह्यांना होकार दिला होता मी. तो वापस घ्यायचाय. असलं काम चिठ्ठीवर करत न्हाईत. तोंडावर जाऊन करावं लागतंय."

ते उतरले आणि आतल्या रस्त्याने चालू लागले. गाडी सुटल्यावर मी रडायला लागले. कंडक्टरने विचारलं काय झालं, तर मी त्याला सांगितलं, पेपर चांगला गेला.